पैसा आला कुठून, आणि बसला कुठे?

२०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे आठवडाभर एकच आकडा गाजत होता: २१ दशलक्ष डॉलर. ट्रम्प सरकारने परदेशांना मदत वाटणाऱ्या आपल्या ‘यूएसएड’ या खात्याला टाळं लावायला घेतलं होतं. इलॉन मस्क यांच्या पथकाने रद्द केलेल्या खर्चांची यादी जाहीर केली आणि तीत भारतातली मतदानाची टक्केवारी वाढवण्यासाठी ठेवलेली ही रक्कम निघाली. मग काय, वाहिन्यांना आठवड्याचा शिधा मिळाला. एका बाजूने ‘परकीय हात’, दुसऱ्या बाजूने ‘पण तो आला तुमच्याच काळात’. पाचेक दिवसांनी एका इंग्रजी दैनिकाने कागद तपासून दाखवलं की हा पैसा भारतासाठी नव्हताच, बांगलादेशासाठी होता. तोवर ओरडणाऱ्यांचे घसे इतके बसले होते की चूक कबूल करायला कुणाकडे आवाजच उरला नव्हता.

त्याच दिवसांत आणखी एक कागद समोर आला, पण त्यावर कुणी घसा ताणला नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात साधी नोंद होती: ‘यूएसएड’चे सात प्रकल्प भारत सरकारच्या भागीदारीत चालू आहेत, एकूण रक्कम ७५ कोटी डॉलर. शेती, पाणी, आरोग्य, ऊर्जा, जंगल. जो पैसा आलाच नव्हता त्यावरून आपण आठवडाभर भांडलो. आणि जो आला होता, सरकारच्या मांडीला मांडी लावून बसला होता, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘यूएसएड’ हे अमेरिकी सरकारचं खातं, स्वयंसेवी संस्था नव्हे, हे खरं. पण तिचा पैसा बऱ्याच अंशी संस्थांच्याच हातून झिरपतो, आणि या गदारोळात असले फरक करण्याची फुरसत तशीही कुणाला नव्हती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या धोरणांवर प्रभाव टाकतात, आणि तो तपासलाच पाहिजे. पण आपण दोरीचं चुकीचं टोक धरून ओढतो आहोत. पैसा कोणत्या देशातून आला याची आपण कसून चौकशी करतो. इथे येऊन तो बसला कुठे, हे विचारत नाही. रस्त्यावर, कोर्टात, वर्तमानपत्रात बसलेला पैसा मोठ्याने बोलतो, म्हणून तो खुपतो. फाईलशेजारी बसलेला पैसा बोलतच नाही, आणि धोरणाला वळण देण्याची ताकद त्याच्याकडेच जास्त असते. आपला कायदा पहिल्याची झडती घेतो आणि दुसऱ्याला खुर्ची देतो.

काही वर्षांपूर्वी एका खात्यात गेलो होतो. एका योजनेच्या निकषांत आदिवासी पाड्यांवरच्या लोकांना हमखास बाहेर ठेवणारी एक अट होती. ती कुणाच्या डोक्यातून निघाली एवढंच विचारायचं होतं. कक्ष अधिकारी सज्जन माणूस. चहा मागवला, फाईल उघडली आणि टिपणीच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, हा ड्राफ्ट आमचा नाही. पीएमयूकडून आलाय. आम्ही मराठी करून वर पाठवला.” पीएमयू म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट युनिट. ते त्याच मजल्यावर, काचेच्या दाराआड. आत सात-आठ तरुण मुलंमुली, लॅपटॉप, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. हुशार आणि अदबीची. एकीने कार्ड दिलं. डावीकडे शासनाची मुद्रा, उजवीकडे एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं बोधचिन्ह. तुमचा पगार कोण देतं, मी विचारलं. “फंडर,” ती म्हणाली. फंडर कोण? ती जरा गोंधळली. “ते एचआरला विचारावं लागेल, सर.” ती अट का घातली, याचं उत्तर मात्र तिच्याकडे तयार होतं: लाभार्थीची नोंद त्याच दिवशी डॅशबोर्डवर दिसली पाहिजे. पाड्यावर मोबाइलला रेंज नसते, हे तिच्या गावीही नव्हतं. ती मुलगी हेर नव्हती, देशद्रोही तर मुळीच नव्हती. तिने फक्त आपल्या पगारदात्याला हवं तसं मोजमाप बसवलं होतं.

ही रीत नवी नाही. फोर्ड फाउंडेशन १९५२ मध्ये भारतात आलं ते पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून. १९५९ मध्ये फोर्डने आणलेल्या तज्ज्ञांनी देशाच्या अन्नसंकटावर अहवाल दिला आणि त्यातून सघन शेतीचा जिल्हा कार्यक्रम उभा राहिला. जिथे पाण्याची खात्री आहे असे जिल्हे निवडायचे आणि बियाणं, खत, कर्ज, सल्ला सगळं एकदम तिथेच ओतायचं. आपल्याकडचा भाताचा भंडारा जिल्हा पुढे त्यात आला. मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात जागा नव्हती. या वाटेने पुढे हरितक्रांती झाली, देशाची उपासमार टळली, आणि ते श्रेय नाकारणारा मी नव्हे. पण सरकारी पैसा ओलिताच्या रानात घालायचा की कोरडवाहू, हा या देशाच्या शेतीतला सर्वांत मोठा राजकीय प्रश्न होता. तो तज्ज्ञांच्या अहवालातून आला म्हणून तांत्रिक वाटला, आणि तांत्रिक वाटला म्हणून त्यावर व्हावं तेवढं भांडण झालं नाही. ‘परकीय हात’ तेव्हा कुणाला दिसला का?

अलीकडचं उदाहरण लसीकरणाचं. देशात कोणती लस द्यायची याबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक गटाचं सचिवालयाचं काम काही वर्षं जे तांत्रिक साहाय्य युनिट पाहत होतं, त्याला पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. २०१७ मध्ये सरकारने हा खर्च स्वतःकडे घ्यायचं ठरवलं, कारण हितसंबंधांची शंका घेतली जात होती. गैरव्यवहार झाला असं मी म्हणत नाही. पण बैठकीची कार्यक्रमपत्रिका तयार करणं, कोणते पुरावे पुढे ठेवायचे ते निवडणं, इतिवृत्त लिहिणं ही कामं ज्याच्या हातात असतात त्याला मत देण्याची गरज फारशी पडत नाही. सहकारी सोसायटीच्या सभेला एकदा जरी बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता विरोधी बाजू. तिचे मुद्दे कच्चे नाहीत, आणि पुरोगामी मंडळी ते उडवून लावतात तेव्हा मला राग येतो.

पहिला मुद्दा: या संस्थांना कुणी निवडून दिलेलं नाही. अकोल्याच्या कापूस उत्पादकाने हा प्रश्न विचारला तर त्याला काय उत्तर देणार? २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. माझ्या रानात काय पेरायचं ते ॲमस्टरडॅमला मुख्यालय असलेल्या ग्रीनपीससारख्या पर्यावरण संस्थेने का ठरवावं? त्याआधी जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीचं बीटी वांगं, म्हणजे जनुकबदल केलेलं वांगं, असंच अडकलं होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये तांत्रिक समितीने ते मंजूर केलं, फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी स्थगिती दिली, आणि स्थगितीसाठी ग्रीनपीसने मोठी मोहीम चालवली होती. पुढे २०१३ मध्ये बांगलादेशाने तेच वांगं लावायला परवानगी दिली. त्या वांग्याच्या बाबतीत ग्रीनपीसचं चुकलं असं मला वाटतं. भूमिका पुराव्यापेक्षा ओळखीतून आली होती: आपण जनुकबदलाच्या विरोधातले, म्हणून हेही वाईट.

दुसरा मुद्दा जुना आणि कडू आहे. संस्थेच्या मागे खरोखरच परकीय सरकार उभं असू शकतं. सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने जगभर काम करणाऱ्या एका मोठ्या संघटनेला सीआयएचा पैसा होता, हे १९६६-६७ मध्ये उघडकीला आलं. तिच्या भारतीय शाखेशी मुंबईतली नामवंत मंडळी जोडलेली होती. मुंबईहून निघणारं एक उत्तम दर्जाचं इंग्रजी नियतकालिकही त्याच छत्राखाली होतं. त्यात लिहिणाऱ्यांना याचा पत्ता असेलच असं नाही, आणि चटका बसतो तो नेमका इथे. तेव्हा शंका घेणारे सगळेच वेडे नसतात.

तिसरा मुद्दा नर्मदेचा, आणि त्यावर माझं मन आजही स्वस्थ नाही. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं जाणार होती, मणिबेली त्यांत पहिलं. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. नर्मदा बचाव आंदोलनाने वॉशिंग्टनमधल्या पर्यावरण संस्थांना हाताशी धरलं. बँकेला पैसा देणाऱ्या अमेरिकी संसदेत जबाब झाले, आणि प्रकल्प तपासायला बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसनाचे वाभाडे काढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. आंदोलनाने हा विजय मानला. पण कच्छ-सौराष्ट्रातला पाण्याची वाट पाहणारा माणूस वॉशिंग्टनच्या त्या सुनावणीत कुठे होता? आणि बँक गेली तेव्हा पुनर्वसनासाठी सरकारवर टाकलेल्या तिच्या अटींचा धाकही तिच्यासोबत गेला. बाहेरचा लगाम सुटला, धरण सुटलं नाही. २०१७ मध्ये ते १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीसह राष्ट्राला अर्पण झालं. परदेशी दबावाची ताकद अशी उसनी असते. ज्याच्याकडून उसनी घेतली तो उठून गेला की हात रिकामे.

हे सगळं मान्य करूनही मी तिथेच का उभा आहे? या तिन्ही प्रकरणांकडे पुन्हा पाहा. बीटी वांग्यावर निर्णयाआधी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपूरला. बाजूचे, विरोधातले, शेतकरी, शास्त्रज्ञ, घोषणा देणारे सगळे तिथे एका छताखाली होते. ग्रीनपीसचं चुकलं असेल, तर ते चारचौघांत चुकलं. ते तोंडावर सांगायची सोय होती, आणि शेतकरी संघटनेने तिचा उपयोग करून घेतला. मोर्स समितीचा अहवाल छापून सर्वांपुढे आला, गुजरातने त्याचा जाहीर प्रतिवाद केला, आणि त्याच धक्क्यातून सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेला तपासणी मंडळ स्थापावं लागलं. बँकेच्या प्रकल्पाने बाधित झालेली जगातली माणसं आता तिथे दाद मागू शकतात. आणि सीआयएचा पैसा घातक का ठरला? तो परदेशी होता म्हणून की लपवलेला होता म्हणून? त्या संघटनेने छातीवर ‘अमेरिकी सरकारच्या खर्चाने’ असा बिल्ला लावला असता, तर लोकांनी तिचं म्हणणं त्या मापानेच ऐकलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

उत्तर देता येतं तो प्रभाव, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसतंच तो कब्जा. काचेच्या दाराआडच्या त्या अटीला अकोल्याच्या शेतकऱ्याने कुठल्या सुनावणीत उत्तर द्यायचं?

यावर एक चोख प्रतिप्रश्न येतो. पीएमयूला निवडून आलेल्या सरकारने बोलावलं आहे. ग्रीनपीसला कुणी बोलावलं होतं? प्रश्न वजनदार आहे. पोलिओच्या मोहिमेत रोटरीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेला सरकारने जवळ केलं म्हणूनच जानेवारी २०११ नंतर या देशात पोलिओचा रुग्ण आढळला नाही, हेही पारड्यात टाकतो. पण निमंत्रण म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. सामंजस्य करारावर सही होते सचिवांच्या दालनात, फोटो निघतो, करार विधिमंडळापुढे सहसा येत नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये २००९ मध्ये काय झालं? सिएटलच्या ‘पाथ’ या संस्थेने, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, राज्य सरकारच्या सोबतीने आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस दिली. काही मुलींचे मृत्यू झाले. लसीशी त्यांचा संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, आणि लस चांगलीच आहे. पण आईबापांच्या जागी संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. सरकारचं निमंत्रण तिथेही होतंच की. बोलावणं सरकारचं होतं, सुई मात्र त्या मुलींच्या दंडात गेली.

दाभोळच्या वीज प्रकल्पाची आठवण काढल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. एन्रॉन ही परदेशी कंपनी, १९९२ मध्ये आली. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प महाग आहे, परवडणार नाही म्हणून हात वर केले. तरी करार झाला: वीज घ्या न घ्या, पैसे भरा, तेही डॉलरशी बांधलेल्या दराने. त्या कराराचं गणित उलगडून दाखवलं ते पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने, कॅल्क्युलेटर आणि चिकाटीच्या बळावर. कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांचं ‘शिक्षण’ करण्यावर आणि प्रकल्प पुढे नेण्यावर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. आपल्याला शिकवायला दोन कोटी डॉलर! इकडे वेलदूर, अंजनवेलच्या कोळणी आणि कुणबी बाया पोलिसांच्या लाठ्या खात होत्या. १९९७ च्या जूनमध्ये पहाटे वेलदूरच्या घरांत पोलीस शिरले, बायकांना ओढून गाडीत घातलं. या घटना जगापुढे मांडल्या त्या अ‍ॅम्नेस्टीने १९९७ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ च्या अहवालात. एन्रॉनही परदेशी, अहवाल लिहिणारेही परदेशी. मग ढवळाढवळ नेमकी कुणाची? २००१ मध्ये विजेचा दर युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेला, वीज मंडळाने घेणं थांबवलं, माधव गोडबोले समिती बसली, आणि त्याच वर्षाअखेर कंपनीने अमेरिकेत दिवाळं काढलं. राष्ट्रहित कोणत्या बाजूला होतं हे ठरवायला आता कॅल्क्युलेटरही नको.

ज्यांना हे सगळं अलीकडचं वाटतं त्यांना दीडशे वर्षं मागे नेतो, मुंबईच्या गिरण्यांत. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा का झाला? इंग्लंडमधल्या परोपकारी मंडळींनी ओरड केली हे खरं, पण त्यामागे जोर होता लँकशायरच्या गिरणीमालकांचा. मुंबईचं स्वस्त कापड त्यांच्या पोटावर येत होतं. इथले कामाचे तास कमी झाले की त्यांचा फायदा. आपल्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला, आणि त्यांचं निदान अगदी बरोबर होतं: हा परकीय स्वार्थ आहे. पण सात वर्षांच्या आतल्या पोराने गिरणीत राबू नये, ही गोष्ट लँकशायरच्या स्वार्थामुळे चूक ठरते का? नारायण मेघाजी लोखंडे यांनी या पेचातून फार सरळ वाट काढली. महात्मा फुल्यांचा हा सत्यशोधक अनुयायी गिरणीतच नोकरी केलेला. १८८४ मध्ये त्याने कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिलं: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जायबंदी झाल्यास भरपाई. मँचेस्टरला याचा फायदा होईल का, हा प्रश्न त्याने मालकांना खुशाल चघळायला सोडला. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. रविवारी दुपारी मटणाच्या जेवणावर आडवे होणाऱ्या आपण सगळ्यांनी लोखंड्यांचं स्मरण करायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण थेट परदेशी देणगीचं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं ते बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. संस्था धार्मिक बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. सदन पुण्यात आलं, आणि १८९३ मध्ये मुली प्रार्थनेला बसतात, धर्मांतराकडे ओढल्या जातात असा गवगवा झाला. सल्लागारांनी राजीनामे दिले. संशय पूर्ण निराधार होता असं मी म्हणणार नाही. पण पुढे काय घडलं ते पाहा. सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा गोदूबाई. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आपला आश्रम काढला, दारोदार फिरून, रुपया-दोन रुपये वर्गणी गोळा करून. बोस्टनच्या पैशाला पुण्याने दिलेलं खरं उत्तर हे. बंदी घाला म्हणणारे त्याही काळी होतेच. त्यांनी एकही बाई शिकवली नाही.

(इथे कुणी म्हणेल, तेव्हाचं सरकारच परकीय होतं, तुलना कशी करता? बरोबर आहे, ती शेवटपर्यंत ताणता येत नाही. पण आज लोकनियुक्त सरकार आहे म्हणून वेलदूरच्या बाईला लाठी कमी लागली असं काही ऐकिवात नाही.)

आता कायद्याकडे. परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये नव्याने झाला, सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीच्या ऐन धामधुमीत, घट्ट आवळला गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडायचं. आणि मुख्य म्हणजे, एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी. गेल्या दीडेक दशकात वीस हजारांहून जास्त संस्थांची नोंदणी रद्द झाली. त्यातल्या कितीतरी नुसत्या कागदावर होत्या, हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवताना परदेशी देणगीला औषधी गुण असलेल्या नशेची उपमा दिली. उपमा मला पटते. पण मग तीच बाटली राजकीय पक्षांच्या कपाटात का चालते? २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही वेदांताच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडल्याचं म्हटलं. त्यावर दोन्ही पक्षांनी दंड भरला का? २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परदेशी स्रोता’ची व्याख्याच बदलली, आणि २०१८ च्या वित्त कायद्याने तो बदल थेट १९७६ पासून लागू केला. बेचाळीस वर्षांचं पाप एका ओळीत धुऊन निघालं, आणि सभागृहात त्यावर चर्चाही झाली नाही.

देणगी पुढे देण्यावरची बंदी कुणाला लागली? नंदुरबारकडे सातपुड्यात माझा एक मित्र लहानशी संस्था चालवायचा. परदेशी देणगीदाराशी इंग्रजीत पत्रव्यवहार करण्याची त्याची ऐपत नाही. शहरातली एक मोठी संस्था पैसा घ्यायची आणि त्यातला वाटा याला द्यायची. त्यावर दोन बाया पाड्यापाड्यांवर चालत जाऊन लेकरांची वजनं घ्यायच्या. अंगणवाडीच्या रजिस्टरातलं वजन आणि यांच्या काट्यावरचं वजन जुळायचं नाही, हाच खरा वांधा. २०२० नंतर पैसा थांबला, बाया रोजगार हमीच्या कामावर गेल्या. मी मागच्या खेपेला गेलो तेव्हा काटा आढ्याला टांगलेला होता, झोळीसकट. “अरे, काढून ठेव की आता,” मी म्हटलं. “राहू दे,” तो म्हणाला, “मांजरीची पिल्लं झोपतात त्यात.” त्या काट्याने देशाच्या सार्वभौमत्वाला कोणता धोका होता, हे मला अजून समजलेलं नाही. शहरातल्या मोठ्या संस्थेचं मात्र बरं चाललं आहे. तिने आता एका सरकारी विभागाशी तांत्रिक साहाय्याचा करार केला आहे.

आणि दावोस? वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम म्हणजे काय, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेलं, ना-नफा तत्त्वावरचं फाउंडेशन. १९७१ मध्ये एका प्राध्यापकाने स्थापन केलेलं. खर्च बडी कॉर्पोरेट मंडळी वर्गणीतून चालवतात. व्याख्या कशीही लावा, ही आंतरराष्ट्रीय बिगरसरकारी संस्थाच. तिच्या बोलावण्यावरून दर जानेवारीत आपले मुख्यमंत्री बर्फात जातात. २०२५ मध्ये तिथे महाराष्ट्राने पंधरा लाख कोटींहून अधिक रकमेचे करार केले. त्यातल्या मोठ्या कंपन्यांची कार्यालयं मुंबईतच आहेत. लोकलने जाऊन सही घेता आली असती. जमीन कुणाची, पाणी किती, वीज सवलतीची की कशी, यावर त्या सह्यांआधी कुठली ग्रामसभा झाली? पण इथे कुणी ‘परदेशी संस्थांचा आर्थिक धोरणावर प्रभाव’ म्हणत नाही. त्याला आपण गुंतवणूक म्हणतो.

मग करायचं काय? दोन गोष्टी, दोन्ही सरकारला बिनखर्चाच्या. ज्या शासन निर्णयाचा मसुदा बाहेरच्या युनिटने लिहिला, त्याच्या तळाशी तसं छापा: मसुदा कुणी केला, त्यांचा पगार कोण देतं, करार कुठे वाचायला मिळेल. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात तसं. आंदोलन करणाऱ्या संस्थेलाही हाच नियम लावा. तिने लपवलं तर तिला खुशाल दंड करा. दुसरी गोष्ट आपल्या खिशाची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायला लावले. त्यातून शाळांना बाकं मिळतात, रंगरंगोटी होते. करार वाचून गणित मांडणाऱ्या गटाला त्यातला रुपया मिळणं कठीण, कारण उद्या तो गट त्याच कंपनीचा करार वाचायला बसेल. तो रुपया तुम्ही-आम्हीच द्यायचा असतो. गणपतीची वर्गणी देताना आपण मंडळाचा ताळेबंद मागत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला मात्र ‘फंडिंग कुठून येतं?’ असं विचारून हात खिशातच ठेवतो. कर्व्यांच्या वेळी पुण्यात असाच सगळ्यांनी हात खिशात ठेवला असता, तर त्यांचा आश्रम जिथे वाढला त्या हिंगण्याच्या माळावर आज काय असतं?

त्या खात्याकडे मी पुढे माहिती अधिकारात अर्ज केला. युनिटमधल्या कर्मचाऱ्यांचं वेतन कोण देतं, एवढाच प्रश्न. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीच्या दिवशी अपिलीय अधिकारी टेबलामागे बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, लॅपटॉपवर कामकाजाची टिपणं काढायला, काचेच्या दाराआडची ती मुलगी. तिने मला ओळखलं आणि नम्रपणे मान हलवली.